हर्नियाचं ऑपरेशन

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा. सुरुवातीलाच मागे कचरागाडीचं गाणं वाजतंय आणि माझ्या माइकने ते अगदी मनापासून पकडलंय. नंदनवनात सकाळी रेकॉर्ड करायचं म्हणजे हे आलंच. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी: हा भाग बोललो तसाच खाली उतरवलाय, मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढे काढलेत.

मागच्या भागात आपण एम्प्रेस मिलबद्दल बोललो होतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली कापड गिरणी. माझे आजोबा तिथेच होते, ते मी तेव्हा सांगितलं. पण एक गोष्ट नाही सांगितली. आज ती सांगतो, कारण आजचा विषयच असा आहे की तो माझ्या घरात दोनदा आला. एकदा फार उशिरा. आणि एकदा, कदाचित, जरा लवकरच.

विषय आहे प्रोस्टेटचा कॅन्सर. थांबा, पुढे ढकलू नका. तुम्ही पंचविशीत असाल, तुम्हाला वाटेल हे म्हाताऱ्यांचं दुखणं. असेलही. पण तुमच्या घरात एक बाप आहे ना?

तर आजोबा. १९९८ साल. मी तिसरीत. आजोबांची कंबर दुखायची. आधी थोडी, मग इतकी की पलंगावरून उठताना ते दात आवळायचे. एका डॉक्टरने सांगितलं मणक्याची झीज आहे. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, शेक सांगितला. दीड वर्ष आजोबा तो पट्टा बांधून जगनाडे चौकापर्यंत चालत जायचे आणि अर्ध्या वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे. रात्री लघवीला चार-चार वेळा उठायचे, पण त्याचा आणि कंबरेचा संबंध असू शकतो हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वय झालं की होतंच असं, असं सगळेच म्हणत होते. मग एक दिवस पायातली ताकद गेल्यासारखं झालं, कुणीतरी हाडांचा स्कॅन करायला सांगितला, आणि मग ऑपरेशन झालं. आम्हा पोरांना सांगितलं, हर्नियाचं. शेजाऱ्यांना सांगितलं, हर्नियाचं. नातेवाइकांना पत्रात लिहिलं, हर्नियाचं.

आणि गंमत म्हणजे, हर्नियाच्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात आजोबांची कंबर दुखायची थांबली! मला ते स्पष्ट आठवतं, कारण त्यांनी मला खांद्यावर उचलून घेतलं होतं आणि आई घाबरून ओरडली होती. हर्नियाने कंबर कशी बरी होते, हा प्रश्न मला वीस वर्षं पडला नाही. मागच्या वर्षी पडला. बाबांचा रिपोर्ट आला तेव्हा.

बाबांचं असं झालं की त्यांच्या एका मित्राने कुठल्याशा ऑफरमध्ये 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं, दोघांवर एक स्वस्त. घरी येऊन रक्त घेऊन गेले आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. सत्तरेक आकडे, त्यातला एक लाल रंगात. पीएसए ६.२. शेजारी लिहिलेलं: सामान्य प्रमाण ४ पर्यंत. बाबा त्रेसष्ट वर्षांचे, काहीही त्रास नाही, रोज सकाळी फिरायला जातात. त्यांनी मला ती पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "हे काय असते रे?" मी गुगल केलं. चूक केली. रात्री दोन वाजेपर्यंत मी बाबांना मनातल्या मनात तीन वेळा गमावलं होतं.

सकाळी आईने माळ्यावरून आजोबांची जुनी फाइल काढून दिली. डिस्चार्ज कार्डावर हर्निया शब्द कुठेच नव्हता. तिथे होतं, दोन्ही वृषणं काढण्याचं ऑपरेशन. आणि त्या वेळचा पीएसए १८६.

त्या दिवसापासून मी हा इतिहास वाचतोय. तो असा आहे.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. एवढंच काम. पण वय वाढलं की ती बहुतेकांची फुगते, आणि काहींच्यात कॅन्सर होतो. हा कॅन्सर हाडांवर जायला फार उत्सुक असतो. मणका, कंबर, माकडहाड. आजोबांची 'झीज' ती होती.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने दाखवलं की हा कॅन्सर हाडांत पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फटेज नावाचं एक द्रव्य वाढतं. म्हणजे पोटात, हाडात जे चाललंय त्याची बातमी दंडातल्या रक्तातून मिळू लागली. हे साधन घेऊन शिकागोचा एक सर्जन पुढे गेला. त्याचं नाव चार्ल्स हगिन्स. मूळचा कॅनडाच्या हॅलिफॅक्सचा.

हगिन्स कुत्र्यांवर काम करायचा. कारण माणसासारखा प्रोस्टेटचा त्रास होणारे प्राणी फार थोडे, आणि कुत्रा त्यातला एक. त्याला दिसलं की वृषणं काढली की कुत्र्याची प्रोस्टेट आक्रसते. पुरुषी हार्मोन बंद, ग्रंथीचं खाणं बंद. मग त्याने विचार केला की ग्रंथी जर या हार्मोनवर जगते, तर तिच्यातला कॅन्सरही त्याच्यावरच जगत असेल का? आज आपल्याला हे सरळ वाटतं. तेव्हा नव्हतं. कॅन्सरची पेशी म्हणजे कुणाचंच न ऐकणारी, सुटलेली पेशी, अशी समजूत होती. १९४१ मध्ये हगिन्सने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आजार पसरलेल्या २१ रुग्णांची वृषणं काढली आणि निष्कर्ष छापले. वेदनेने अंथरुणाला खिळलेली काही माणसं काही दिवसांत उठून बसली. रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज खाली आलं. सगळे बरे झाले असं नाही. बहुतेकांचा आजार पुढे परत आला, आजही या इलाजानंतर तो बहुतेक वेळा परत येतो. पण औषधाने वा शस्त्रक्रियेने शरीरातले हार्मोन बदलून पसरलेला कॅन्सर मागे ढकलता येतो हे त्याने ठामपणे दाखवून दिलं. १९६६ चं नोबेल त्याला मिळालं.

माझ्या आजोबांनी मला खांद्यावर घेतलं ते हगिन्सच्या त्या कामामुळे. सत्तावन्न वर्षांनी, नागपुरात.

आणि एक योगायोग बघा. त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत, २८ तारखेला, मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी, त्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभं केलं. म्हणजे आजोबा ज्या घराण्याच्या गिरणीत राबले, त्याच घराण्याच्या पैशाने हे झालं. आजोबा मात्र परळला कधी गेले नाहीत. त्यांचं सगळं नागपुरातच झालं. मला हा योगायोग उगाच महत्त्वाचा वाटतो, तुम्हाला वाटलाच पाहिजे असं नाही.

परळमध्ये टाटापासून फार लांब नाही अशा ठिकाणी आणखी एक संस्था आहे. तिची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते आणि ती कुणाला माहीत नसते. १९५४ मध्ये आयसीएमआरने मुंबईत गर्भनिरोधकं तपासणारं एक छोटं युनिट काढलं. ते वाढत वाढत १९७० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन' झालं. देशाला तेव्हा काळजी होती लोकसंख्येची. बाईसाठी गोळी होती, पुरुषासाठी काय? डॉ. ए. आर. शेठ यांचा गट तिथे इनहिबिन नावाच्या द्रव्याच्या मागे होता. पिट्युटरीतून येणाऱ्या एका हार्मोनला हे द्रव्य आवर घालतं, म्हणजे शुक्राणू तयार होण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणजे कदाचित पुरुषांसाठी गर्भनिरोधक! शेठ यांच्या गटाने माणसाच्या वीर्यातून असा एक पदार्थ वेगळा केला. १९८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी त्याची पूर्ण रचना छापली. ९४ अमिनो आम्लांची साखळी. शोधनिबंधावर मुंबईच्या अरबट्टी आणि शेठ यांची नावं आहेत.

मग घोळ झाला. पुढच्याच वर्षी खऱ्या इनहिबिनची रचना उलगडली आणि ते भलतंच निघालं. बीजांडकोशातून येणारं, दोन भाग जोडलेलं, मोठं. मुंबईचा पदार्थ ते नव्हता. वर्षानुवर्षांची मेहनत आणि नावच चुकलेलं. दुसऱ्या कुणी असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण तो पदार्थ होता ना! खोटा नव्हता. तो येत होता प्रोस्टेटमधून, आणि भरपूर येत होता. आज त्याला पीएसपी ९४ म्हणतात, प्रोस्टेटमधून झिरपणारं ९४ दुव्यांचं प्रथिन. कॅन्सर झालेल्या ग्रंथीत ते कमी होत जातं असं दिसू लागलं. मॉन्ट्रियलच्या एका कंपनीने त्याचा एक तुकडा औषध म्हणून रुग्णांवर तपासून पाहिला, ते पुढे गेलं नाही. २००८ मध्ये मात्र दोन मोठ्या जनुकीय अभ्यासांनी वेगवेगळं काम करून एकाच जागी बोट ठेवलं. दहाव्या गुणसूत्रावर, याच प्रथिनाच्या जनुकाच्या अगदी शेजारी, एक अक्षर बदललं की प्रोस्टेट कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. आणि ते अक्षर बदललेल्यांत हे प्रथिन कमी तयार होतं. परळच्या त्याच संस्थेत डॉ. स्मिता महाले यांच्या गटाने पुढे हे काम चालू ठेवलं. २०१० च्या त्यांच्या एका निबंधावर पाठक, नाखवा, जगताप, महाले अशी नावं वाचली आणि मला का कोण जाणे बरं वाटलं. विज्ञानाच्या इतिहासात आपल्या वर्गाच्या हजेरीपटावरची आडनावं सापडत नाहीत सहसा.

शोधायला निघाले पुरुषाची गोळी, सापडलं प्रोस्टेटचं प्रथिन. तिकडे अमेरिकेतही असाच गुंता होता, तो पीएसएचा.

पीएसए हे पण प्रोस्टेटचंच प्रथिन. १९७० मध्ये रिचर्ड ॲब्लिन यांनी प्रोस्टेटमध्ये एक खास प्रतिजन असल्याचं मांडलं. १९७९ मध्ये बफेलोच्या रॉझवेल पार्कमध्ये मिंग चू यांच्या गटाने ते शुद्ध करून वेगळं केलं. रक्तात ते मोजता येऊ लागलं. १९८६ मध्ये अमेरिकेत या तपासणीला मंजुरी मिळाली, पण कशासाठी, ते नीट ऐका. ज्यांना कॅन्सर आहे हे आधीच माहीत आहे, त्यांचा इलाज लागू पडतोय का हे बघायला. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला नाही. तो वापर नंतर आला. १९९१ मध्ये सेंट लुइसच्या विल्यम कॅटलोना यांनी सोळाशेवर पुरुष तपासून दाखवलं की बोटाने केलेल्या तपासणीत जे सुटतं ते पीएसएत सापडतं. १९९४ मध्ये शोधण्यासाठीही मंजुरी मिळाली. पण तोवर वाट कोण बघतंय? अमेरिकेत लाखो पुरुषांचं रक्त आधीच तपासून झालं होतं. तिथला प्रोस्टेट कॅन्सरचा आलेख १९९२ मध्ये सुळक्यासारखा वर गेलेला दिसतो. आजार अचानक वाढला नव्हता. शोधणं वाढलं होतं.

अडचण अशी की पीएसए हे प्रोस्टेटचं आहे, कॅन्सरचं नाही. ग्रंथी फुगली तरी वाढतं, तिला संसर्ग झाला तरी वाढतं. आणि ४ च्या खाली असून कॅन्सर असणारेही निघतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे कॅन्सर सापडला तरी तो कुठला? काही वाघ असतात, काही मांजरी. म्हातारपणी इतर कारणाने गेलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये कॅन्सरचे छोटे ठिपके कितीतरी जणांत सापडतात. त्या लोकांना आयुष्यभर पत्ताही नसतो. ज्यांचं मांजर होतं त्यांचीही ऑपरेशनं झाली, रेडिएशन झालं. मग लघवीवर ताबा नाही, लैंगिक संबंध संपले. यावर ॲब्लिन स्वतःच इतके वैतागले की २०१० मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सरसकट तपासणीच्या विरोधात झोड उठवली. ज्या प्रतिजनाशी आपलं नाव जोडलेलं, त्याच्याच गैरवापराविरुद्ध.

वाघ की मांजर हे ओळखायला एक जुनी रीत मात्र कामी आली. मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात डोनाल्ड ग्लीसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९६६ मध्ये त्यांनी मायक्रोस्कोपखाली पेशी कशा रचलेल्या दिसतात यावरून १ ते ५ असे गट पाडले, हाताने चित्रं काढून. सगळ्यात जास्त दिसणारे दोन प्रकार घ्या, बेरीज करा. आज व्यवहारात ६ हा सर्वांत सौम्य आकडा, १० सर्वांत वाईट. साठ वर्षांपूर्वीची ती पद्धत, थोडी सुधारून, आजही प्रत्येक बायोप्सी रिपोर्टवर असते. हे ६ बद्दलचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग सगळ्यांचीच तपासणी करावी की नाही? याचा निकाल लावायला दोन प्रचंड चाचण्या झाल्या आणि २००९ मध्ये एकाच अंकात दोघींचे निकाल छापून आले. युरोपची म्हणाली, मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात. अमेरिकेची म्हणाली, काही फरक नाही. घ्या! अमेरिकेच्या चाचणीत गोची ही होती की ज्यांची तपासणी करायची नव्हती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेरून स्वतःच करून घेतली होती. दोन्ही गट जवळपास सारखेच झाले. युरोपच्या चाचणीतही त्या वेळचं गणित असं होतं की एक मृत्यू टाळायला १,४१० पुरुषांना तपासणीला बोलवा आणि ४८ जादा लोकांवर इलाज करा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने सांगितलं, करूच नका. २०१८ मध्ये तेच म्हणाले, ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं. २०२५ मध्ये युरोपचा २३ वर्षांचा हिशोब आला. मृत्यू १३ टक्के कमी, आणि आता एका मृत्यूमागे ४५६ जणांना बोलावणं, १२ जणांचं निदान. वेळ जाईल तसा फायदा हळूहळू दिसतो, हा आजारच तसा हळू आहे.

मला यातली ब्रिटनची चाचणी सगळ्यात महत्त्वाची वाटली, निदान आमच्या घरापुरती. पीएसएवरून कॅन्सर सापडलेले १,६४३ पुरुष. चिठ्ठी टाकावी तसे तीन गट. एकांचं ऑपरेशन, एकांना रेडिएशन, एकांवर फक्त लक्ष ठेवायचं. पंधरा वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले किती? तिन्ही गटांत शंभरात दोन-तीनच. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, ९.४ टक्के विरुद्ध साधारण ५. तेव्हा 'काही करू नका' असा त्याचा अर्थ घ्यायचा नाही. घाई नाही, एवढाच घ्यायचा.

आता हे सगळं आपल्याकडे लावून बघा, तर चित्रच उलटं आहे. त्यांचा प्रश्न, फार जणांत फार लवकर सापडतो. आपला प्रश्न माझे आजोबा. हाडांत गेल्यावर सापडतो. भारतात सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही, आणि आपल्याकडचं प्रमाण बघता ते मला चूक वाटत नाही. नागपुरात पुरुषांचा पहिला वैरी तोंडाचा कॅन्सर आहे. खर्रा घोटणाऱ्यांना हे सांगायला नको.

हे प्रमाण कळतं कसं, याचाही एक इतिहास आहे आणि त्यात आपलं शहर आहे. मुंबईत १९६३ मध्ये डॉ. दा. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. मग पुणे १९७३, औरंगाबाद १९७८ आणि नागपूर १९८०. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणीही सुरू झाली. काम कसं चालायचं तर नोंदणीवाले स्वतः हॉस्पिटलांत जायचे, लॅबमध्ये जायचे, महापालिकेत मृत्यूची रजिस्टरं चाळायचे. पेशंट इथला राहणारा आहे की उपचारासाठी बालाघाट-छिंदवाड्याहून आलाय हे तपासायचे, नाहीतर आकडा फुगतो. या कामाला ना टाळ्या ना नोबेल. पण प्रोस्टेटचा कॅन्सर आपल्या शहरांत हळूहळू वाढतोय, हे आपण आज जे म्हणतो ते त्यांच्या रजिस्टरांवरून. माझे आजोबाही त्यातली एक ओळ असणार. त्यांच्या नावापुढे तिथे तरी हर्निया लिहिलेलं नसणार.

उशिरा सापडण्यामुळे इलाजाचा इतिहासही आपल्याकडे वेगळा झाला. वृषणं न काढता तोच परिणाम देणारी इंजेक्शनं १९८० च्या दशकात आली. पण ती महिन्या-तीन महिन्यांनी घ्यायची, वर्षानुवर्षं. ऑपरेशन एकदाच, स्वस्त. त्यामुळे श्रीमंत देशांत जवळपास मागे पडलेलं हे ऑपरेशन आपल्याकडे अजून होतं. काही लोक याला मागासलेपण म्हणतात. मला नाही वाटत. ज्याला गोंदियाहून दर महिन्याला यायचं तिकीट परवडत नाही, त्याच्यासाठी ते शहाणपण आहे. फक्त ते करताना माणसाला नीट विचारलं पाहिजे.

आणि आपल्या रुग्णांवर आपल्याच लोकांनी केलेलं एक काम जगाने उचललं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती यांच्या गटाने २०११ ते २०१७ दरम्यान २२४ रुग्ण घेतले. यांचा आजार अजून लांब पसरलेला नव्हता पण धोका जास्त होता. अर्ध्यांना फक्त प्रोस्टेटला रेडिएशन दिलं, अर्ध्यांना ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींनाही. याआधी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये हाच प्रश्न विचारून झाला होता, उत्तर धड मिळालं नव्हतं. मुंबईत मिळालं. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण, फक्त प्रोस्टेटच्या गटात ८१.२ टक्के, ओटीपोटाच्या गटात ९५. एकूण जगण्यात फरक दिसला नाही, तेवढा काळ अजून गेला नव्हता. तरी २०२१ मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभर त्यावर वाद झाले, आणि वाद होणं हीच तिथली पावती. जास्त धोक्याचे रुग्ण आपल्याकडे जास्त येतात, ही आपली दुर्दशा. त्यातूनच हे उत्तर निघालं.

बरं, बाबा.

युरॉलॉजिस्ट शांत माणूस होता. म्हणाला, आधी सहा आठवडे थांबून पीएसए पुन्हा करू. ६.४ आला. मग एमआरआय, त्यात एक संशयास्पद ठिपका. मग बायोप्सी, सुईने बारा तुकडे. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत बाबांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. बारापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर. ग्लीसन ३ अधिक ३, सहा.

मी ग्लीसनची चित्रं तोवर पाहिली होती. तरी 'कॅन्सर' हा शब्द कागदावर बापाच्या नावापुढे वाचला की काय होतं ते कुठल्याच निबंधात नसतं. काकांचा सूर एकच होता, काढून टाका, उगाच घरात साप कशाला ठेवायचा? डॉक्टरांचं म्हणणं, लक्ष ठेवू. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी. बाबांनी मला विचारलं, "तू इतकं वाचून राहिला, तू सांग." मी त्यांना ब्रिटनची चाचणी सांगितली. ९.४ आणि ५ चा आकडाही सांगितला, लपवला नाही. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लक्ष ठेवू."

हा निर्णय बरोबर की चूक, हे मला माहीत नाही. पंधरा वर्षांनी कळेल. डॉक्टरांनी मलाही सांगितलंय की वडील आणि आजोबा दोघांना होता म्हणजे तुझा धोका इतरांपेक्षा जास्त, पंचेचाळिशीपासून तपासणीबद्दल बोल. मी छत्तीसचा आहे. नऊ वर्षांत ही सगळी गणितं पुन्हा बदललेली असतील.

बाबा मात्र बदलले. बागेत सकाळी फिरणाऱ्या त्यांच्या टोळीत त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोठ्याने सांगून टाकलं, मले प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्यातले दोघं आता रात्री किती वेळा उठतात ते एकमेकांना सांगतात. आधी फक्त राजकारणावर बोलायचे.

आजीला सांगायचं होतं, ते काम माझ्याकडे आलं. आजी पंच्याऐंशीची आहे, कान जरा कमी. मी तिच्या जवळ बसलो, बाबांचं सांगितलं, आणि धीर करून आजोबांच्या फाइलचंही सांगितलं. म्हटलं, आजी, ते हर्नियाचं नव्हतं गं.

आजी संत्र सोलत होती. फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "मले का समजत नव्हतं का बाप्पा? ड्रेसिंग कोन करे त्याइचं? मीच ना. हर्नियाचा टाका कुठं असते, मले माहीत नव्हतं?"

मग तू कधी बोलली का नाहीस, मी विचारलं.

"त्याइनं सांगतलं नाही, मंग मी काहून बोलू. कंबर तं थांबली होती ना."

बाबांचा पुढचा पीएसए कोजागिरीनंतर आहे.